मावशींची ॲम्प्लिफायरावरील तिसरी स्वारी

सूज्ञ वाचणारांनी हातातले काम क्षणभर बाजूस ठेवून आणि चित्त स्थिर करून ऐकावे. मोठमोठ्या लढायांची वर्तमाने लिहिणारे आजवर बहुत जाहले. परंतु बारा व्होल्टांचे मुलखात, टेबल क्रमांक नऊवर, एका बाईने अवघ्या दोन तासांत जी शर्थ केली तीस लेखणी लावणारा कोणी निघाला नाही. सबब जे पाहिले, जे ऐकिले आणि जे प्रयोगशाळेच्या कोठीवाले काकांनी शपथपूर्वक सांगितले, ते पदरचे काही न मिळवता येथे लिहिले असे. अधिक दिसेल ते काकांचे, उणे दिसेल ते आमचे.

मावशी म्हणजे कोण, तर शिवणकामाची गादी बावीस वर्षे एकहाती चालवून शाळांचे गणवेश, डॉक्टरांचे कोट आणि तऱ्हेवाईक खिडक्यांचे पडदे ऐसा चौफेर मुलूख राखणाऱ्या नामांकित बाई. वय चव्वेचाळीस, स्वभाव शांत, परंतु कोणी मापात खोट काढली तर टेप उपसून मैदानात उतरणाऱ्या. त्यांचे पदरी एक नवे इलेक्ट्रॉनिक शिवणयंत्र होते, त्याने ऐन हंगामात दगा दिला आणि जागचे हलेना. मग दुरुस्तीवाल्यास पाचारण केले, आणि त्याने जातीने येऊन झाकण काढिले, आत एक हिरवी पाटी होती तिजकडे गेलेल्या माणसाकडे पाहावे तैसे पाहिले, आणि पुन्हा झाकण लावून म्हणाला,

"बोर्ड गेला."

"म्हणजे आतलं काय गेलं?" मावशींनी पुसिले.

"ते तुम्हाला नाही कळायचं, मावशी."

"तुम्हाला कळलंय का?"

यावर दुरुस्तीवाला पुढे केलेला चहाही न घेता कूच करून गेला. परंतु त्याचा शब्द मावशींचे जिव्हारी लागला. यंत्र बंद पडले ते एक वेळ सोसवेल, पण ते कशाने बंद पडले हे आपणांस कळणारच नाही ऐसे परक्याने परस्पर ठरवून जावे, हे सोसवेना. मग पाचवे दिवशी त्या दुकानास कुलूप घालून विद्यापीठाचे दारी दाखल जाहल्या आणि इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीसाठी अर्ज गुदरून आल्या.

हे वर्तमान घरी कळताच यजमानांनी हातातील वर्तमानपत्राची घडी केली आणि तहाचे कलम एकच सांगितले: "कुकर मी लावीन. गणित मात्र मला विचारायचं नाही." तह तात्काळ कबूल जाहला. मावशींच्या थोरल्या बहिणीने मात्र फोनवरून कडक खलिता धाडिला की, अगं, त्याच वर्गात माझी मुलगी आहे, तिला काय वाटेल. त्या मुलीस, म्हणजे मावशींच्या भाचीस, खरोखरच काय वाटायचे ते वाटले, आणि पहिले पंधरा दिवस ती वर्गात मावशींपासून तीन बाक लांब बसत असे आणि कोणी विचारिले तर "ओळखीच्या आहेत" ऐसे मोघम उत्तर देत असे. परंतु सोळाव्या दिवशी तिच्या बॅगेची चेन भर वर्गात निकामी जाहली आणि मावशींनी तीन बाकांवरून येऊन केसातल्या पिनेने ती दोन मिनिटांत चालती केली, आणि भाचीचे तोंडून सवयीने "थँक्यू मावशी" निघून गेले. मग काय, गुपित फुटले, आणि त्या दिवसापासून अवघा वर्ग त्यांस मावशी म्हणू लागला.

आता त्या मुलखाची थोडी हकीकत सांगणे प्राप्त आहे. सेमीकंडक्टर म्हणोन जो प्रांत आहे तो ना धड वाहणारा, ना धड अडवणारा. मर्जी असेल तेव्हा वाट देतो. त्यात डायोड नामे पहारेकरी आहे, तो एकाच दिशेने जाऊ देतो आणि उलट आलेल्यास देवडीवरूनच माघारी लावितो. आणि ट्रान्झिस्टर म्हणोन तीन पायांचा मोठा सरदार आहे. त्याच्या बेस नामक पायाशी चिमूटभर करंट नजर केला की तो कलेक्टराकडून एमिटराकडे लोंढाच्या लोंढा सोडितो, आणि येणेप्रमाणे बारीक आवाज मोठा होतो, त्यास ॲम्प्लिफायर म्हणतात. मात्र हा सरदार ऐसा मानी की बेसवर शून्य पॉइंट सात व्होल्टांचा नजराणा पोहोचेपावेतो डोळाच उघडीत नाही. हे शून्य पॉइंट सात विभागप्रमुख बाईंनी फळ्यावर इतके वेळा लिहिले आणि वर्गाकडून इतके वेळा वदविले की त्यांचे मूळ नाव मागे पडून पॉइंट-सात बाई हाच किताब कायम जाहला. विद्येत बाईंचा हात धरणारा त्या इमारतीत कोणी नव्हता. परंतु गेली बारा वर्षे त्यांनी खडू सोडून दुसरे शस्त्र हाती धरिले नव्हते, हेही नमूद असावे.

मावशींस वर्गातील पाठ समजे, वहीही त्या ऐशी लिहीत की एकेक आकृती कशिदा वाटावी. परंतु प्रयोगशाळेत उतरले की त्यांचा हात थरथरे. मग भाची आणि मावशी ऐशी जोडी लागली. वायरिंग भाचीने करावे, वही मावशींनी लिहावी, आणि दोघींचे बरे चालले. पुढे प्रात्यक्षिकाची परीक्षा आली, आणि परीक्षेत जोडी नसते.

पहिल्या स्वारीत मावशींनी कपॅसिटर नामे दंडगोल शिपाई उलट्या पायांवर उभा केला. पुरवठा सुरू होताच तो क्षणभर गुरगुरला आणि मग फाटकन फुटून त्याचे पोटातील कागद छतास जाऊन चिकटले, आणि चोवीस परीक्षार्थी आणि दोन परीक्षक टेबलांखाली आश्रयास गेले. नापास. दुसऱ्या स्वारीत मंडल, म्हणजे सर्किट, अवघे बिनचूक उभे राहिले, पण मल्टीमीटर नामे मोजणीचे यंत्र व्होल्टांऐवजी करंटाच्या खुणेवर राहिले, आणि मावशींनी तैसेच ते पुरवठ्यास भिडविले, आणि आतील फ्यूज धारातीर्थी पडून पुढे काहीच मोजता आले नाही. नापास. आणि विद्यापीठाचे फर्मान ऐसे की ही परीक्षा दर सत्रास अवघ्या वर्गाने द्यावी, आणि तिसरे खेपेसही जो पडेल त्याचे नाव पटावरून कमी करावे आणि पुन्हा अर्ज घेऊ नये.

मग मावशींनी स्वतःसाठी एक छोटी पाटी आणिली. ही पाटी म्हणजे पांढरी, भोकाभोकांची, जीत सुटे भाग खोचून मंडल उभे करितात आणि जीस ब्रेडबोर्ड म्हणतात. ती कापड बेतण्याच्या टेबलावर मांडून रोज दुपारी जेवणानंतर दोन तास तोच एक ॲम्प्लिफायर उभारावा, मोडावा, पुन्हा उभारावा, ऐसे चाळीस दिवस चालले. गिऱ्हाइके मापे द्यायला येत आणि हातात करंटास आवर घालणारे दोन रेझिस्टर धरून उभी राहत. भाची शेजारी बसून चुका काढी. परीक्षेच्या आदल्या दुपारी एकदम ती म्हणाली,

"मावशी, समजा उद्या नाहीच जमलं तर?"

"तर नाही जमलं."

"म्हणजे तुला काहीच वाटणार नाही?"

मावशी तारेचे टोक सोलीत होत्या, त्यांनी ते पुरते सोलिले आणि मग बोलल्या, "वाटेल गं. खूप वाटेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी म्हणून काहीतरी करतेय मी. पण तू आत्ता ते विचारू नकोस, माझा हात हलतो."

त्या दिवशी भाचीने एकही चूक काढिली नाही, कारण एकही नव्हती.

दुसरे दिवशी बुधवारी सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेत चोवीस टेबले मांडिली गेली. भांडाराचे किल्लेदार कोठीवाले काका पहाटेपासून खुशीत होते. हे काका ऐसे कडक की सहीशिवाय साधा रेझिस्टर हलू देत नसत, आणि एकदा खुद्द कुलगुरूंकडून स्क्रूड्रायव्हरची सही घेतलेली, ऐसा त्यांचा लौकिक. त्यांनी गेली चार वर्षे अर्जांवर अर्ज करून नव्या पाट्या मागविल्या होत्या त्या आदल्या दिवशीच आल्या. जुन्या आखूड पिवळ्या पाट्या मोडीत काढून त्यांनी दर टेबलास नवी, लांबलचक, अजून प्लॅस्टिकात गुंडाळलेली पाटी ठेविली आणि दारात हाताची घडी घालून उभे राहिले. पॉइंट-सात बाई आल्या. त्यांचेसमवेत दुसऱ्या कॉलेजातले बाहेरचे परीक्षक आले. उंच, बारीक, शर्टाचे वरचे बटण लावलेले, आणि बोलण्याऐवजी थर्मासातले गरम पाणी पिणारे. भिंतीवर नियमांचा तक्ता होता. चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. मावशींस ॲम्प्लिफायरच आला. खरे तर त्या दिवशी सर्वांनाच तो आला होता, फक्त आकडे निराळे.

आता टेबलांची रचना ध्यानात घ्यावी. पुरवठ्याचा पेटारा डावे हातास, आणि लाटा दाखविणारा पडदा, ज्यास ऑसिलोस्कोप म्हणतात, तो उजवे हातास. पाटीच्या वरच्या काठाने एक तांबडी रेघ होती, तिच्याखालच्या भोकांच्या रांगेत डावीकडून बारा व्होल्ट सोडावे आणि मग जेथे लागतील तेथे घ्यावे, ऐसा शिरस्ता. मावशींनी मनात म्हटले, जागा ऐसपैस आहे, पडद्याजवळ छावणी टाकू, म्हणजे तारा लांबवाव्या लागणार नाहीत. आणि पाटीच्या उजवे अंगास त्यांनी मंडल उभारिले. चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, मधोमध ट्रान्झिस्टर. कपॅसिटर कोणत्या पायावर उभे आहेत ते तीनदा पाहिले. मल्टीमीटर कोणत्या खुणेवर आहे ते चारदा पाहिले. आणि मग पुरवठा सुरू केला.

काहीच जाहले नाही. फुटले नाही, जळले नाही, हलले नाही. पडद्यावर एक सरळ रेघ, निपचित.

मावशींनी मोजिले: कलेक्टरावर शून्य, बेसवर शून्य, एमिटरावर शून्य. पेटाऱ्यापाशी मोजिले: पुरे बारा. मग मनी आणिले की सरदारच मेला असेल, आणि काकांकडे जाऊन सही करून दुसरा ट्रान्झिस्टर घेतला. पहिली बदली माफ होती. तोही उठेना. मग तिसरा घेतला; दुसऱ्या बदलीस दोन गुण वजा होते, तेही दिले. तोही उठेना. एव्हाना पाऊण तास सरला होता आणि मावशींचे कानामागे घाम सुरू जाहला होता. आसपास पाहिले तर दहाएक टेबलांवर लाटा उसळत होत्या आणि बाकीच्यांवर तीच निपचित रेघ. शेजारच्या आठ नंबरावर भाची होती. जी भाची अवघ्या वर्गात पहिली, जी कॉम्प्युटरवर पन्नास ट्रान्झिस्टरांची मंडले खेळता खेळता उभी करी, तीही सरळ रेघेकडे पाहत बसली होती, आणि तिने सगळे उपटून दुसऱ्यांदा उभारावयास घेतले होते.

आता मावशींस सुचेना की काय करावे. पळून जावे ऐसेही एकवार मनात आले, हे त्यांनी पुढे स्वमुखे सांगितले. मग त्यांनी दोन्ही हात पाटीवरून काढून टेबलाखाली मांड्यांवर ठेविले. आणि बसल्या बसल्या त्यांस आपला धंदा आठवला. यंत्र टाका धरीत नाही तेव्हा नवी सुई घालणारे नवशिके. जाणता माणूस रिळापासून निघतो, आणि दोरा जेथून जेथून जातो तेथून तेथून बोट फिरवीत सुईपर्यंत येतो, आणि वाटेत कोठे अडकला ते बोटासच कळते.

तेव्हा त्यांनी मल्टीमीटराचे काळे टोक एका ठिकाणी रोविले आणि तांबडे टोक पेटाऱ्याच्या तारेपासून रांगेत एकेका भोकात घालीत निघाल्या. बारा. बारा. बारा. पाच भोके जाहली, दहा जाहली, वीस जाहली, बाराच. पंचविसावे भोक, बारा. सव्विसावे भोक.

शून्य.

मावशींनी चष्मा काढिला, पुसिला, लाविला आणि पाटीवर वाकून पाहिले. तांबडी रेघ पाटीच्या बरोबर मध्यावर तिळाएवढी खंडित होती. छापताना शाई उडाली असेल म्हणून सर्वांनीच जी सोडून दिली, ती खरोखरीची खिंड होती. डावीकडची रसद डावीकडेच राहत होती आणि उजवीकडची फौज सकाळपासून उपाशी उभी होती.

मग त्यांनी बोटभर तार सोलिली आणि खिंडीवरून टाकिली. तार बसताच पडद्यावरील रेघ थरारली, आणि तिची लाट जाहली. आत सोडलेल्या बारीक लाटेच्या चाळीसपट थोरली, साफ. मावशींनी घाईघाईने बेस मोजिला आणि एमिटर मोजिला, आणि वजाबाकी कागदावर मांडिली, ती बरोबर शून्य पॉइंट सात आली. त्या आनंदाने ओरडणार होत्या, परंतु तोंडावर हात ठेविला आणि डावीकडे पाहिले.

भाची रडत होती. आवाज न करता, मान खाली घालून, ट्रान्झिस्टर बदलीत. आणि तिचेही मंडल पाटीच्या उजवे अंगास होते.

बाका प्रसंग जाहला. परीक्षेत दुसऱ्यास सांगणे म्हणजे नक्कल, आणि नक्कल म्हणजे दोघींची परीक्षा रद्द, आणि मावशींची ही तिसरी खेप. स्वतःचा गड हाती आलेला, फक्त झेंडा लावणे बाकी. त्यांनी भाचीकडे पाहिले, मग चौदा निपचित पडद्यांकडे पाहिले, मग भिंतीवरचा नियमांचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून काढिला; कलम सातवे दोनदा वाचिले. आणि उभ्या राहिल्या.

"मॅडम, तक्रार आहे."

"परीक्षेत कसली तक्रार?" पॉइंट-सात बाई कडाडल्या.

"सामानाची. सात नंबरला लिहिलंय, साहित्यात दोष आढळला तर लगेच सांगावं. म्हणून सांगतेय." आणि मग आपल्या दुकानाच्या या टोकाहून त्या टोकास मापे सांगण्याचा जो बावीस वर्षांचा आवाज होता, तो लावून म्हणाल्या, "या पाटीची तांबडी रेघ मधोमध तुटलीये. डावीकडं बारा व्होल्ट आहेत आणि उजवीकडं काहीच नाही. माझीच पाटी अशी आहे की सगळ्यांच्याच?"

तोच, ज्यांनी तोंड उघडू नये त्या कोठीवाले काकांचा अभिमान दुखावला आणि ते दारातून गर्जले,

"दोष? माझ्या पाटीत दोष? अहो, ती तशीच असते! मुद्दाम दोन भाग केलेले असतात, दोन वेगवेगळे पुरवठे देता यावेत म्हणून! एकच द्यायचा असेल तर मध्ये तार टाकायची, एवढं साधं!"

"काका!" बाई किंचाळल्या. "हे सकाळी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं?"

तोपावेतो चौदा माना पाट्यांवर वाकल्या होत्या आणि चौदा तारा सोलिल्या जात होत्या. आठ नंबरावर लाट उठली. मग अकरावर. मग सोळा, सतरा, वीस. आमचे म्हणणे खोटे वाटेल, पण पडदे उजळत गेले तैसे तैसे वर्गातून एक लांब सुस्कारा फिरत गेला, तो काकांनीही ऐकिला.

परंतु बाई संतापल्या होत्या. त्यांनी मावशींच्या टेबलापाशी येऊन उत्तरपत्रिका उचलिली आणि हुकूम फर्माविला की हे तक्रारीचे निमित्त करून सर्वांस उत्तर सांगणे होय, सबब परीक्षा रद्द करणेत येत आहे. भाची उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मग माझीही करा. मलाही तेव्हाच कळलं." मग अकरा नंबरवाला उभा राहिला. मग सोळा. मावशी सर्वांस हाताने खाली बसा, खाली बसा ऐसे करीत होत्या आणि कोणी बसेना.

तेव्हा बाहेरचे परीक्षक, जे सकाळपासून एक अक्षर बोलिले नव्हते, ते थर्मास ठेवून टेबल नऊपाशी आले आणि त्यांनी पाटी उचलून डोळ्यांजवळ धरिली. त्यांचा चेहरा उतरला.

"या पाट्या कधी आल्या तुमच्याकडे?"

"काल, सर," काका म्हणाले.

"आमच्याकडे गेल्या वर्षी आल्या." आणि थोडे थांबून, "परीक्षेच्या आदल्या दिवशीच. अकराजण नापास झाले. सगळ्यांचं एकच, पडद्यावर काही नाही. मीच लिहिलं होतं, वायरिंग चुकीचं."

परीक्षकांनी पाटी खाली ठेविली, पुन्हा उचलिली, पुन्हा खाली ठेविली. मग पॉइंट-सात बाईंनी, ज्या कडक होत्या पण अन्यायी नव्हत्या, उत्तरपत्रिका मावशींपुढे परत ठेविली आणि परीक्षकांस खालच्या आवाजात पुसिले की, आपण काय करावे. दोघांची मसलत खिडकीपाशी जाहली आणि निवाडा ऐसा ठरला: तक्रार कलम सातप्रमाणे रास्त, सर्वांस पंचवीस मिनिटे वाढवून द्यावीत, बदल्यांचे वजा गुण कोणाचेही धरू नयेत. काकांनी यापुढे कोणी न विचारताही सांगावे.

मग तोंडी परीक्षा जाहली. परीक्षकांनी मावशींस एकच प्रश्न केला: आत गेलेली लाट बाहेर उलटी का निघाली? यावर मावशींनी पुस्तकी उत्तर आठवून पाहिले, ते आठवेना, मग आपल्या बोलीत सांगितले, "बेसवर रेटा वाढला की ट्रान्झिस्टर जास्त करंट ओढतो, सर. तो करंट वरच्या रेझिस्टरमधून येतो, म्हणून तिथंच जास्त व्होल्ट खर्ची पडतात, मग खाली कलेक्टरला उरतात कमी. इकडं चढलं की तिकडं उतरतं."

"आणि हा दोष कसा सापडला?"

"मोजत मोजत गेले."

"सगळीच भोकं?"

"जिथं संपलं तिथवर."

परीक्षकांनी मान हलविली, आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात बराच वेळ फोनवर बोलत राहिले.

येणेप्रमाणे तिसरी स्वारी फत्ते जाहली ती दप्तरी दाखल केली असे. पन्नासपैकी गुण अडतीस. भाचीस शेहेचाळीस, आणि तिने घरी जाऊन आईस प्रथम मावशींचे अडतीस सांगितले, मग आपले. कामी आले: ट्रान्झिस्टर दोन, मागाहून काकांनी तपासले तो दोन्ही ठणठणीत जिवंत निघाले आणि सहीनिशी पुन्हा दाखल जाहले. यजमानांनी त्या दिवशी कुकर लाविला तो शिट्टी न लावता, सबब जेवण दीड तास उशिरा जाहले, तेही नमूद.

आणि परमुलखातील वर्तमान ऐसे की, परीक्षकांनी आपल्या कॉलेजात जाऊन गेल्या वर्षीच्या अकरा असामींची यादी काढविली, प्रत्येकास स्वहस्ते माफीपत्र लिहिले आणि पुन्हा परीक्षा घेतली. नऊ हजर जाहले, त्यांत आठ पास. नववा पुन्हा पडला. त्याचे वायरिंग खरोखरीच चुकले होते आणि त्याने ते हसत कबूल केले. दोघे शिक्षण सोडून गेले होते. त्यांतील एकास दुसरा मार्ग मानवला होता, त्याने आभार मानून नकार कळविला. दुसरी एक मुलगी छापखान्यात कामास लागली होती. ती पुढल्या सत्रास परत दाखल जाहली. तिने परीक्षकांस जे उत्तर धाडिले ते त्यांनी नक्कल करून मावशींकडे पाठविले, आणि मावशींनी ते दुकानाच्या दारात उभ्यानेच वाचिले आणि गिऱ्हाईक समोर असता खुर्चीवर बसल्या. ते पत्र एका ओळीचे आहे, आणि या फत्तेचा पुरावा म्हणोन जैसेचे तैसे येथे उतरविले असे:

"सर, वायरिंग बरोबर आहे, हे मी तेव्हाच सांगत होते."